64 हजार लिटरचा संसार

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फीनिक्स शहरात घरामागे बांधलेला पोहण्याचा तलाव वर्षभरात एकदा पूर्ण रिकामा होतो. त्याला तडा गेलेला नसतो, कुठली नळी फुटलेली नसते. पाणी नुसतं हवेत जातं.

हिशेब करून पाहू. तिथल्या मध्यमवर्गीय घराचा तलाव साधारण 30 फूट लांब, 15 फूट रुंद आणि सरासरी 5 फूट खोल असतो. म्हणजे सुमारे 64 हजार लिटर पाणी. फीनिक्सच्या कोरड्या, तापलेल्या हवेत उघड्या पाण्याची पातळी वर्षाला 5 ते 6 फूट उतरते. वरून पाऊस पडतो तो जेमतेम 7 इंच. जितकी तलावाची खोली, तितकं बाष्पीभवन! घरमालकाला हे सहसा कळतही नाही. पातळी जरा खाली गेली की नळाला जोडलेला फ्लोट आपोआप भर घालतो, आणि निळं पाणी सदैव काठोकाठ दिसत राहतं.

फीनिक्सच्या आसपास चँडलर, गिल्बर्टसारख्या उपनगरांत सेमीकंडक्टर आणि सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांमुळे मराठी कुटुंबंही स्थायिक झाली आहेत. घर घ्यायची वेळ आली की त्यांच्यापुढे हा प्रश्न येतोच. मागे तलाव असलेलं घर घ्यावं का? नसेल तर खोदून घ्यावा का? पैसे वसूल होतील का? प्रश्न पैशांचा म्हणून विचारला जातो, त्यामुळे उत्तरंही पैशांतच मिळतात. मला वाटतं, हे पाणी जगतं कसं ते आधी पाहावं. ते कळलं की पैशांचं उत्तर फार अवघड राहत नाही, आणि ते पाहण्यात विलक्षण आनंद आहे.

बाष्पीभवनापासूनच सुरुवात करू. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता सोबत घेऊन जातं. आपल्या माठाचं सगळं शास्त्र हेच. फीनिक्समध्ये जूनच्या भर उन्हात तलावाची पातळी दिवसाला जवळजवळ एक सेंटीमीटर उतरते. 450 चौरस फुटांच्या पृष्ठभागावर तो एक सेंटीमीटर म्हणजे 400 लिटरांहून जास्त पाणी. त्यानं नेलेली उष्णता विजेच्या भाषेत मांडली तर दिवसाला 280 युनिटांच्या आसपास भरते. तीन टनी एसी 24 तास अखंड चालवला तर तो खोल्यांमधून जेवढी उष्णता बाहेर फेकतो, त्याहून ही किंचित जास्तच आहे. तलावाला हे काम करायला वीज लागत नाही. कोरडी हवा आणि उघडं पाणी एवढं पुरतं.

2023 च्या उन्हाळ्यात फीनिक्समध्ये 30 जूनपासून 30 जुलैपर्यंत सलग 31 दिवस पारा रोज 110 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 43 सेल्सियस, किंवा त्याहून वर चढला. अशा दिवसांतही परसातल्या पाण्याचं तापमान तिशीच्या थोडंसंच पुढे राहतं. आपलं शरीर 37 अंशांचं, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं उष्णता वाहून नेतं. त्यामुळे 31 अंशांच्या पाण्यात पाय टाकताच जो गारवा जाणवतो, तो 31 अंशांच्या खोलीत कधीच जाणवणार नाही. हाच तलाव ह्यूस्टनच्या दमट हवेत नेला तर पाणी कमी उडेल, पण तितकं गारही राहणार नाही. नागपूरच्या माठात आणि अलिबागच्या माठात जो फरक पडतो, तोच.

पण 64 हजार लिटर पाणी या वाळवंटात येतं कुठून? त्यातलं काही पाणी पूर्वेच्या डोंगरांत हिवाळ्यात पडलेलं बर्फ असतं. ते वितळून सॉल्ट नदीत येतं, 1911 साली पुऱ्या झालेल्या रूझवेल्ट धरणात साठतं आणि कालव्यांनी शहरात उतरतं. त्या कालव्यांपैकी काहींच्या वाटा तर होहोकाम लोकांनी कित्येक शतकांपूर्वी लाकडी आणि दगडी अवजारांनी खोदलेल्या चरांवरून जातात. उरलेलं बहुतेक पाणी कोलोरॅडो नदीचं. हवासू सरोवरातून ते उपसून 336 मैलांच्या कालव्यात सोडतात, आणि टूसॉनपर्यंत पोचेपर्यंत पंप त्याला 2,800 फुटांहून जास्त वर चढवतात. या कालव्याचे पंप हे अख्ख्या ॲरिझोनातले विजेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहेत. तलावाच्या काठावर बसून पाय हलवणाऱ्या मुलाच्या टाचेला लागणाऱ्या पाण्याचा काही भाग असा डोंगर चढून आलेला असतो!

म्हणूनच या तलावाचा विचार करताना नदीचा विचार सोडता येत नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये कोलोरॅडो नदीवर इतिहासात प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर झाली. ॲरिझोनाच्या वाट्यात सर्वांत मोठी कपात झाली आणि तिचा फटका मुख्यतः पिनाल काउंटीच्या शेतकऱ्यांना बसला. शेजारच्या नेवाडात, लास व्हेगास ज्या काउंटीत आहे त्या क्लार्क काउंटीनं 2022 मध्ये नियमच केला, की नव्या घरगुती तलावाचं क्षेत्रफळ 600 चौरस फुटांच्या वर जाता कामा नये. मला तो नियम योग्य वाटतो. पोहायला 600 चौरस फूट भरपूर होतात. त्यापुढचं पाणी केवळ दिसण्यासाठी उडत असतं.

एक गोष्ट मात्र तलावाच्या बाजूनंही सांगायला हवी. फीनिक्सच्या उन्हात तेवढ्याच जागेवर हिरवळ जगवायची तर तिलाही जवळपास तितकंच पाणी पाजावं लागतं. वर, वापर नसताना तलावावर आच्छादन ओढून घेतलं तर बाष्पीभवन नव्वद टक्क्यांच्या आसपास थांबतं. हिरवळीला असं झाकता येत नाही. उन्हाळ्यात आच्छादनाखालचं पाणी तापतं हे खरं, पण वसंतात आणि शरदात तीच ऊब पोहण्याचा हंगाम दोन्ही टोकांनी वाढवते.

आता खड्ड्याकडे वळू. फीनिक्सच्या मातीखाली बऱ्याच ठिकाणी कॅलिची नावाचा चुनखडीचा थर असतो. काँक्रीटसारखा घट्ट. तो लागला की खोदणारं यंत्र थांबतं, फोडणारं यंत्र आणावं लागतं आणि खर्चाचा अंदाज तिथेच चुकतो. खड्डा झाला की त्यात सळयांची जाळी बांधतात आणि तिच्यावर जाड नळीतून सिमेंट-वाळूचं मिश्रण प्रचंड दाबानं फवारतात. हे तंत्र ज्यानं शोधलं तो कार्ल एकली मेलेल्या प्राण्यांच्या कातडीत भर घालून ते हुबेहूब उभे करणारा कलावंत होता! शिकागोच्या फील्ड म्युझियममधले लढणारे हत्ती त्याच्याच हातचे. संग्रहालयाच्या इमारतीच्या भिंतींवरचे पोपडे झाकण्यासाठी त्यानं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिमेंट फवारण्याची बंदूक तयार केली. 1911 मध्ये तिचं पेटंट मिळालं. फवारलेल्या सिमेंटला साचा लागत नाही, म्हणून तलावाला कुठलाही आकार देता येऊ लागला. 1948 मध्ये थॉमस चर्च या उद्यानकारानं कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात, डॉनेल कुटुंबाच्या बागेत वळणावळणाचा, मूत्रपिंडासारख्या आकाराचा तलाव बांधला, आणि पुढची कित्येक वर्षं अमेरिकेतले हजारो परसातले तलाव त्याच वळणानं वळत राहिले.

या काँक्रीटच्या कवचाबद्दल एक गोष्ट ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. भूजल वर असेल आणि तलाव रिकामा केला, तर अख्खा तलाव जमिनीतून वर येऊ शकतो. आर्किमिडीजचा नियम काँक्रीटलाही लागू आहे. आत 64 टन पाणी असतं तोवर ते कवचाला दाबून धरतं. ते काढलं की बाहेरचं पाणी खालून ढकलू लागतं. फीनिक्समध्ये ही भीती कमी, पण फ्लोरिडात किंवा ऐन पावसाळ्यात आपल्या कोकणात ती खरी आहे. अलिबागच्या एखाद्या वाडीत तलाव बांधणाऱ्यानं साफसफाईसाठी तो जुलैत उपसायला घेऊ नये.

भरलेला तलाव निळा दिसतो. भिंती बहुधा पांढऱ्या किंवा फिकट असतात, तरी पाणी निळं. आकाशाचं प्रतिबिंब त्याला थोडा हातभार लावतं, पण खरं कारण पाण्याच्या रेणूत आहे. त्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे बंध सतत कंप पावत असतात आणि लाल प्रकाशाचा बारीकसा वाटा शोषून घेतात. पेल्यात तो इतका थोडा की दिसत नाही; पाच-सात फूट खोलीतून जाऊन-येऊन प्रकाश परत आला की लाल कमी झालेला असतो आणि निळं उरतं. म्हणजे पाणी मुळातच निळसर आहे. ते कळायला इतकी खोली लागते.

आणि मग येतं या संसाराचं रोजचं काम, रसायनशास्त्र. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण घरमालकाचा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो.

तलावात क्लोरीन टाकतात हे सगळ्यांना माहीत असतं. ते पाण्यात विरघळलं की हायपोक्लोरस आम्ल बनतं, आणि जंतू मारण्याचं काम हे आम्ल करतं. नवल हे, की आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही जंतूंना गिळून मारण्यासाठी हेच आम्ल तयार करतात. जखमेपाशी जी लढाई आपलं शरीर लढतं, तिचंच शस्त्र तलावात पसरलेलं असतं. प्रमाण किती? लिटरला साधारण दोन मिलिग्रॅम. 64 हजार लिटरांना सुमारे 130 ग्रॅम पुरतं! एवढ्याशा क्लोरीननं ई. कोलायसारखे जंतू मिनिटाच्या आत मरतात.

पण हे आम्ल फार नाजूक असतं. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, 7.5 असेल तर क्लोरीनचा निम्मा भाग या प्रभावी रूपात असतो. सामू 8 वर गेला की तोच भाग जेमतेम चौथाई उरतो. बाटलीतून टाकलेलं क्लोरीन तेवढंच, चाचणीच्या पट्टीवर आकडाही तोच, पण काम निम्म्यावर. म्हणून घरमालकाच्या हातात क्लोरीनइतकीच सामू खाली आणणाऱ्या म्युरिॲटिक ॲसिडची बाटली असते. या दोन बाटल्या एकमेकींच्या शेजारी ठेवू नयेत. दोन्ही एकत्र झाल्या तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

दुसरा शत्रू सूर्य. उघड्या उन्हात तासाभरात निम्म्याहून जास्त क्लोरीन नष्ट होतं. त्यावर उपाय म्हणून सायन्यूरिक आम्ल घालतात. ते क्लोरीनला सैलसर धरून ठेवतं आणि उन्हापासून वाचवतं. फीनिक्समध्ये याचीही एक गुंतागुंत आहे. पाणी उडतं, पण सायन्यूरिक आम्ल उडत नाही, कॅल्शियम उडत नाही, क्षार उडत नाहीत. नळाचं पाणी आधीच जड, आणि दर वर्षी तलावभर पाणी उडून नवं येतं. मागे राहिलेलं सारं आतच साठतं. काठाच्या टाइल्सवर पांढरी रेघ उमटते, क्लोरीन सुस्त होतं, आणि काही वर्षांनी सगळं पाणी काढून नवं भरावं लागतं. तेही रस्त्यावर सोडता येत नाही. घराच्या मलवाहिनीच्या तोंडातूनच सोडावं लागतं.

तलावाचा म्हणून जो उग्र वास आपण ओळखतो, तो जास्त क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनतात, त्यांचा तो वास. डोळेही मुख्यतः त्यांच्यामुळेच चुरचुरतात. नीट राखलेल्या पाण्याला जवळजवळ वास येत नाही. पाण्यात उतरण्याआधी मुलांना शॉवरखाली उभं करण्याचा नियम एवढ्यासाठी. आणि हगवण लागलेल्या मुलाला पाण्यात अजिबात सोडू नये, कारण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनच्या नेहमीच्या प्रमाणात आठवड्याहून जास्त काळ जिवंत राहतो.

‘आमचा तलाव क्लोरीनचा नाही, मिठाचा आहे’ असं काही जण सांगतात. मिठाचा तलाव हा क्लोरीनचाच तलाव असतो. 64 हजार लिटरांत सुमारे 200 किलो मीठ घालतात, तरी ते समुद्राच्या खारेपणाच्या एक दशांशाइतकंच होतं. त्या पाण्यातून वीज सोडली की जागच्या जागी क्लोरीन तयार होतं. पोत्यांनी क्लोरीन आणणं वाचतं आणि पाणी अंगाला मऊ लागतं, पण सामूची देखरेख चुकत नाही.

पाणी फिरतं ठेवणं हे पंपाचं काम, आणि पंपाच्या पोटात एक सुंदर गणित लपलेलं आहे. पंपाचा वेग निम्मा केला की पाणी निम्मं वाहतं, पण वीज निम्मी नाही, आठवा भाग लागते. वेगाच्या घनाच्या प्रमाणात ती बदलते. म्हणजे 8 तास जोरात चालवण्याऐवजी 16 तास हळू चालवला, तर पाणी तेवढंच गाळलं जातं आणि वीज एक चतुर्थांश लागते. जुना एकाच वेगाचा पंप दिवसाला 12 ते 15 युनिट सहज खात असे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं 2021 च्या जुलैपासून असे कडक निकष लावले, की घरगुती तलावांचे बहुतेक नवे पंप आता वेग बदलणारेच असतात. जुन्या घरात जुना पंप असेल, तर खरेदीनंतर सर्वांत आधी तोच बदलावा असं मी सांगेन. तलावाच्या सगळ्या खर्चांत इतक्या लवकर वसूल होणारा दुसरा खर्च नाही.

पंप थांबला तर काय होतं? ॲरिझोनात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच्या काळाला मॉन्सून म्हणतात, आणि त्या दिवसांत धुळीच्या प्रचंड भिंती शहरावर चालून येतात. वीज गेली, तलावात धूळ पडली आणि कुटुंब गावाला गेलेलं असलं, तर काही दिवसांत पाणी शेवाळानं हिरवं होतं आणि डासांना आयतं घर मिळतं. 2007 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डजवळ वेस्ट नाइल तापाचे रुग्ण वाढले, तेव्हा कर्ज थकून ओस पडलेल्या घरांच्या हिरव्या तलावांचा त्यात मोठा हात असल्याचं संशोधकांना दिसलं. फीनिक्सच्या काउंटीचं पर्यावरण सेवा खातं अशा तलावांत सोडायला डासांच्या अळ्या खाणारे गॅम्बुसिया मासे देतं. आपल्याकडे महापालिकेचे कर्मचारी विहिरींत आणि टाक्यांत गप्पी मासे सोडतात, तसेच.

हे सगळं एका कुटुंबानं एकट्यानं का सांभाळावं? खेड्यातली विहीर गावाची असते, महापालिकेचा तलाव साऱ्या शहराचा. अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोक पोहायला सार्वजनिक तलावांवरच जात, आणि ते तलाव प्रचंड मोठे असत. मग ते वर्णद्वेषाच्या पायी ओस पडले. 1949 च्या जूनमध्ये सेंट लुइसच्या फेअरग्राउंड पार्कमधला तलाव कृष्णवर्णीयांना खुला झाला, त्या दिवशीच गोऱ्या जमावानं त्यांना मारहाण केली. मिसिसिपी राज्याच्या जॅक्सन शहरानं सर्वांना एकत्र पोहू देण्याऐवजी तलावच बंद करून टाकले, आणि 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते चालवूनही घेतलं. सार्वजनिक तलावांचा इतिहास लिहिणारे जेफ विल्ट्सी सांगतात, की 1950 मध्ये अमेरिकेत सुमारे 2,500 कुटुंबांकडेच जमिनीत बांधलेला तलाव होता. 1999 मध्ये हा आकडा 40 लाखांवर गेला. वाढतं उत्पन्न, मोठे प्लॉट आणि फवारलेलं सिमेंट यांचा त्यात वाटा आहेच. पण एकत्र पोहणं नको म्हणून परसात गेलेली माणसंही त्या आकड्यात आहेत. आज स्थलांतरित कुटुंब ते घर विकत घेतं, तेव्हा हा इतिहासही त्या जमिनीत असतो. तो माहीत असलेला बरा. म्हणूनच जवळ चांगला सार्वजनिक किंवा वसाहतीचा सामायिक तलाव असेल तर आधी एक पूर्ण उन्हाळा तिथे जावं असं मला मनापासून वाटतं. मुलांना तिथे सोबती मिळतात, जीवरक्षक असतो, आणि आपल्या घरी पोहण्याची हौस खरंच किती आहे तेही कळतं.

आता जे सांगायचं आहे ते सर्वांत महत्त्वाचं आहे. अमेरिकेत 1 ते 4 वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बुडणं हे आहे. आजार नव्हे, रस्त्यावरचे अपघातही नव्हेत. आणि या वयातली बहुतेक मुलं पोहताना बुडत नाहीत. कुणाच्याही लेखी ती त्या वेळी पाण्याजवळ नसतातच. आई-बाबांना वाटतं ती घरात आहेत. ती सरकत्या दारातून किंवा कुत्र्यासाठी ठेवलेल्या झडपेतून बाहेर गेलेली असतात. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. श्वासासाठीच तोंड पाण्यावर येत नसतं, तिथे आवाज कुठून येणार? मिनिटाच्या आत ते खाली जातं.

ॲरिझोनाचा कायदा यासाठीच सांगतो, की घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर तलावाभोवती किमान 5 फूट उंच कुंपण किंवा कायद्यानं मान्य केलेला दुसरा अडसर हवा. कुंपणाचं फाटक आपोआप मिटणारं आणि आपोआप कडी लागणारं हवं. माझ्या मते कुंपण चारही बाजूंनीच हवं, म्हणजे घर आणि पाणी यांच्यामध्येही. घराची भिंत हीच चौथी बाजू धरलेल्या कुंपणाच्या तुलनेत चारही बाजूंच्या स्वतंत्र कुंपणामुळे लहान मुलांच्या बुडण्याचा धोका 83 टक्क्यांनी घटतो असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सांगते. हे कुंपण दिसायला आवडत नाही म्हणून पुष्कळ जण टाळतात. ज्यांना ते डोळ्यांत खुपतं त्यांनी मुलं मोठी होईपर्यंत तलाव घेऊ नये, इतकं माझं मत स्पष्ट आहे.

तळाच्या जाळीकडेही पाहायला हवं. 2002 मध्ये माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात व्हर्जिनिया ग्रेम बेकर एका हॉट टबच्या तळाच्या नळीच्या शोषणात अडकून बुडाली. मोठ्या माणसांनाही तिला ओढून काढणं कठीण झालं. तिच्या नावाचा कायदा 2007 मध्ये झाला आणि त्यानुसार विकली जाणारी झाकणं सुरक्षित असणं सक्तीचं झालं. जुन्या तलावाचं झाकण त्याआधीचं असू शकतं.

आणि घरातल्या मोठ्यांना पोहता येतं का? आमच्याकडच्या कित्येकांनी पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत हातपाय मारले, कित्येकांनी महापालिकेच्या तलावात शिकून घेतलं, आणि कित्येकांना संधीच मिळाली नाही. आई-वडिलांना पोहता येत नसेल तर तलावाच्या अंदाजपत्रकातली पहिली रक्कम त्यांच्या शिकवणीची असली पाहिजे. मुलांनाही लवकर शिकवावं. 2009 च्या एका अमेरिकी अभ्यासात 1 ते 4 वयात पोहण्याची शिकवणी घेतलेल्या मुलांमध्ये बुडण्याचा धोका 88 टक्क्यांनी कमी आढळला. तरीही शिकलेलं मूल म्हणजे निर्धास्त मूल असं कधी समजू नये. पाण्यात कुणी असेल तोवर एका मोठ्या माणसाची नजर, हातात फोन न घेता, पाण्यावरच हवी.

मग पैशांचं काय? उदाहरणादाखल आकडे धरू. नवा तलाव 70 हजार डॉलरांना बांधला. पाणी, वीज, रसायनं, दुरुस्ती, दहा-पंधरा वर्षांनी येणारा आतला नवा गिलावा, असं सारं मिळून वर्षाला सरासरी 3 हजार डॉलर. पंधरा वर्षांत हे 45 हजार झाले. घर विकताना तलावामुळे किंमत वाढते, पण बांधायला घातले तेवढे पैसे सहसा परत येत नाहीत. निम्मे, 35 हजार आले असं समजू. निव्वळ खर्च 80 हजार, म्हणजे वर्षाला 5 हजारांच्या थोडा वर. तेच 70 हजार डॉलर 5 टक्क्यांनी वाढत राहिले असते तर पंधरा वर्षांत दुपटीहून जास्त झाले असते, हेही लक्षात घ्यावं. गुंतवणूक म्हणून तलाव हरतो, यात मला शंका नाही.

तो जिंकतो ते तासांच्या हिशेबात. कुटुंब वर्षाला 100 दिवस पाण्यात उतरलं, तर दिवसाला 53 डॉलर पडतात. चौघं आणि शेजारची दोन मुलं दुपारभर पाण्यात असतील तर फीनिक्सच्या उन्हाळ्यात हे महाग नाही. तिथे जूनमध्ये दिवसा बाहेर खेळण्याची दुसरी जागाच नसते. तेच कुटुंब 20 दिवस उतरलं तर दिवसाला 267 डॉलर. न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये तलाव मे महिन्याच्या अखेरीस उघडतो आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला बंद करून झाकून ठेवावा लागतो. तिथे 100 दिवसांचा हंगामच जेमतेम मिळतो, त्यातही पाऊस येतो. तिथे मी खोदायला सांगणार नाही.

मुलांच्या वयाचं गणित तर याहून निर्णायक आहे. पाच ते तेरा या वयात मुलं पाण्यातून बाहेर यायला तयार नसतात. चौदाव्या-पंधराव्या वर्षी ती मित्रांकडे जातात आणि अठराव्या वर्षी कॉलेजला. धाकटं मूल दहा वर्षांचं असताना खोदलेला तलाव पुढची पुष्कळ वर्षं बहुधा पंपाचाच आवाज ऐकतो. वडीलधाऱ्यांचा विचार मात्र या हिशेबात सहसा कुणी धरत नाही, आणि तो धरायला हवा. छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की शरीराचं सुमारे दोन तृतीयांश वजन पाणी उचलतं. सहा महिन्यांसाठी आलेल्या ज्या आजींना गुडघ्यांमुळे सोसायटीच्या रस्त्यावर फेरी मारणं जमत नाही, त्या पाण्यात काठ धरून अर्धा तास चालू शकतात. मुलं मोठी झाल्यावरही तलाव ज्या घरांत वापरात राहिलेला दिसतो, तिथे बहुधा असं कुणीतरी असतं.

म्हणून फीनिक्समध्ये घर शोधणाऱ्या, धाकटं मूल पाच-सहा वर्षांचं असलेल्या कुटुंबाला मी सांगेन, की नवा खोदू नका, आधीच तलाव असलेलं घर घ्या. खोदण्याचा तोटा पहिल्या मालकानं सोसलेला असतो. मूल दोन वर्षांचं असेल तर चार वर्षं थांबा आणि वसाहतीच्या तलावावर जा. घर पाहायला जाल तेव्हा पंपावरची पाटी वाचा, तळाचं झाकण कधी बसवलं ते विचारा, आणि कुंपणाचं फाटक अर्धवट उघडून हात सोडून द्या. ते आपोआप मिटून कडी लागली नाही, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मागा, आणि ती दुरुस्ती सामान हलवण्याच्या आधी करून घ्या.